चौऱ्याऐंशीचा फेरा

उत्साही : एवढ्या एका बाबतीत तरी तुमचं रडगाणं बाजूला ठेवा, डॉक्टर. क्षय औषधाला दाद देत नाही म्हणालात तर मी मान डोलवीन. पण हिपॅटायटिस सी? ज्या विषाणूची ओळख १९८९ साली पटली, त्याला मुळापासून काढणारी गोळी पंचवीस वर्षांच्या आत आली. दाबून ठेवणारी नव्हे, जन्मभर घ्यायची नव्हे, काढून टाकणारी. रोज एक, बारा आठवडे, एकूण ८४. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटायला माणसाला काय काय करावं लागतं म्हणतात. इथं चौऱ्याऐंशी दिवसांत सुटका. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत वीस वर्षं मी रिॲक्टरशेजारी उभा आहे. कुठल्याच प्रक्रियेत शंभर टक्के उतारा पडत नाही हे मला कुणी शिकवायला नको. पंच्याण्णव पडला तर आम्ही पेढे वाटतो. या गोळ्यांचा उतारा पंच्याण्णवच्या आसपास आहे.

शंकेखोर : उरलेल्या पाचाचं काय करता कारखान्यात?

उत्साही : बाजूला काढतो. पुन्हा शुद्ध करता आलं तर करतो, नाहीतर जाळायला पाठवतो.

शंकेखोर : माझ्याकडे ते पाच चालत येतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले रिपोर्ट असतात. आणि त्यांच्या अंगातला विषाणू तीन महिन्यांपूर्वीचा राहिलेला नसतो. औषधानं त्यातले लेचेपेचे मारून टाकलेले असतात आणि चिवट तेवढे निवडून ठेवलेले असतात. शेतकरी बियाणं निवडतो तशी ही निवड आहे, फक्त उलट्या हेतूची. २०११ साली टेलाप्रेविर आणि बोसेप्रेविर आली तेव्हा आम्हीही पेढे वाटायच्या बेतात होतो. चाचण्यांमध्ये टेलाप्रेविर एकटं देऊन पाहिलं होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हायरल लोड धाडकन खाली, आणि पंधरवड्याच्या आत काहींचा पुन्हा वर. म्हणून मग ती औषधं जुन्या इंटरफेरॉन आणि रिबाविरिनच्या जोडीनं द्यावी लागली. आठवतं ना इंटरफेरॉन? दर आठवड्याला इंजेक्शन, विषाणूचा जनुकप्रकार १ असेल तर ४८ आठवडे, ताप, केस गळणं, रुग्ण घरात कुणाशी बोलेनासा व्हायचा, आणि एवढं करून निम्म्यांना गुण. त्या दिवसांच्या मानानं आजचं सगळंच सोनं वाटतं. म्हणून मला भीती वाटते.

उत्साही : पण एकट्यानं देऊ नये, हाच तर या औषधांचा सगळा सिद्धांत! तुम्ही भीती सांगितलीत, मी हिशेब सांगतो. या विषाणूचा मजकूर साधारण ९,६०० अक्षरांचा. त्याची नक्कल करणारं पॉलिमरेज म्हणजे एक बेफिकीर कारकून: भराभर उतरवतो, पण एकदाही मागे वळून वाचत नाही. दर प्रतीत जास्तीत जास्त सरासरी एखादी चूक धरा. प्रती किती? उपचार न घेतलेल्या माणसात दिवसाला सुमारे एक लाख कोटी. आता ९,६०० जागा, प्रत्येक जागी तीन पर्याय, म्हणजे एका अक्षराचे बदल २८,८००. ते सगळेच्या सगळे रोज कित्येकदा होऊन जातात. दोन अक्षरांचे बदल एक्केचाळीस कोटींच्या घरात. तेही रोज होतात. म्हणजे गोळी पोटात पडायच्या आधीच तिला चुकवणारा विषाणू तिथं बसलेला असतो. गोळी त्याला घडवत नाही, त्याच्या भावंडांना मारून त्याला मैदान मोकळं करून देते. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण एकाच प्रतीत नेमके ठरलेले तीन बदल? चार? तिथं लाख कोटीही अपुरे पडायला लागतात. शिवाय एवढे बदल अंगावर घेतलेला विषाणू धड उभा राहायला हवा. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या जागी एकाच वेळी घाव घालायचा. नावांतच ते लिहिलेलं आहे. ज्यांच्या शेवटी ‘प्रेविर’ ती औषधं विषाणूच्या कात्रीवर, म्हणजे त्याची लांबलचक प्रथिनपट्टी कापणाऱ्या प्रोटीजवर. ‘आस्विर’वाली एनएस५ए नावाच्या प्रथिनावर. ‘बुविर’वाली त्या कारकुनावर. सोफोसबुविर तर कारकुनाच्या हाती खोटं अक्षरच देतं. ते एकदा लिहिलं की पुढचं अक्षर जुळत नाही, नक्कल तिथंच तुटते. आणि ज्या एका बदलानं विषाणू हे खोटं अक्षर ओळखायला शिकतो, त्याच बदलानं त्याची नक्कल करायची ताकद खचते. असे विषाणू रुग्णांत क्वचितच सापडतात. याला मी रसायनशास्त्राचा विजय म्हणतो. तुम्ही काय म्हणता?

शंकेखोर : विजयच म्हणतो. अर्धा. तुमच्या हिशेबात सगळी औषधं सारख्या जाडीच्या भिंती आहेत, आणि तसं नाही. सोफोसबुविरची भिंत जाड आहे, मान्य. पण त्याचा जोडीदार? डाक्लाटास्विर इतकं जालीम की नखभर मात्रेत काम करतं, रोज ६० मिलिग्रॅम. पण एनएस५एच्या ९३व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की ते पांगळं होतं. एक बदल, फक्त एक. आणि वाईट गोष्ट पुढे आहे. कात्रीवरच्या औषधांना चुकवणारे विषाणू औषध थांबल्यावर काही महिन्यांत मागे पडतात, मूळचे पुन्हा वरचढ होतात. एनएस५एतले बदल मात्र वर्षानुवर्षं टिकतात, कारण त्यांनी विषाणूचं फारसं बिघडत नाही. जपाननं याची किंमत मोजली. २०१४च्या जुलैत त्यांनी डाक्लाटास्विर आणि असुनाप्रेविर ही जोडी मंजूर केली. इंटरफेरॉन नाही, दोन्ही गोळ्या. वयस्क रुग्णांचा देश, सगळ्यांना हायसं वाटलं. एकूण गुण ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या घरात. पण ज्यांच्या विषाणूत ३१व्या किंवा ९३व्या जागी आधीपासूनच बदल होता, त्यांच्यात निम्म्यांनाही आला नाही. आणि ज्यांचा उपचार फसला त्यांतल्या काहींच्या अंगात असे विषाणू तयार झाले की पुढे आलेली ग्लेकाप्रेविर-पिब्रेन्टास्विरसारखी तगडी जोडीही त्यांच्यापुढे लटपटली. दोन औषधं होती की नाही? संयुक्त उपचार होता की नाही?

उत्साही : होता, पण जोडी चुकीची होती. दोन्ही भिंती पातळ. त्यातून ‘संयुक्त उपचार फसतो’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘जोडीदार पारखून घ्या’ एवढाच निघतो. एका भिंतीला तरी सोफोसबुविर हवं. आणि नंतरच्यांनी धडा घेतला की! वेल्पाटास्विर आलं. जनुकप्रकार ३ मध्ये सोफोसबुविर-वेल्पाटास्विरला १२ आठवड्यांत ९५ टक्के. तो तुमचा ९३ जागेवरचा बदल आधीपासून असलेल्यांतसुद्धा ८४ टक्के. आणि त्यातूनही निसटला, तर तिसरं औषध, वॉक्सिलाप्रेविर, कात्रीवरचं. तिन्ही जागी एकदम घाव. एनएस५एवरची औषधं घेऊन ज्यांचा उपचार आधी फसला होता अशांत त्या तिहेरी गोळीला ९६ टक्के गुण आला. २०१७ मध्ये अमेरिकेत ती मंजूर झाली. आता सांगा, चिवट झालेला विषाणू शेवटी हरला की नाही? एचआयव्हीत आपण १९९६ पासून तिहेरी औषधं देतो, पण तो विषाणू आपल्या पेशीच्या डीएनएत घर करतो, म्हणून औषध सोडता येत नाही. हा बिचारा पेशीत शिरला तरी अंगणातच राहतो, गाभाऱ्यात शिरत नाही. त्याला लपायला जागा नाही.

शंकेखोर : भारतातल्या बहुसंख्य रुग्णांचा जनुकप्रकार ३ आहे, आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात यकृताचा सिरॉसिस नसलेल्यांना मिळतं ते सोफोसबुविर-डाक्लाटास्विर. डाक्लाटास्विरच्या जोडीचा जनुकप्रकार ३ मधला आकडा सांगू? सिरॉसिस नसेल तर ९६ टक्के. सिरॉसिस असेल तर बारा आठवड्यांत ६३. म्हणून कार्यक्रमानं सिरॉसिसवाल्यांना वेल्पाटास्विर ठेवलं, आणि यकृत पार ढासळलेलं असेल तर त्यावर रिबाविरिन. शहाणपणाची वाटणी आहे, माझी तक्रार नाही. पण ही वाटणी बरोबर व्हायची तर समोरच्या माणसाला सिरॉसिस आहे की नाही हे नीट कळायला हवं. ते आम्ही बऱ्याच ठिकाणी रक्ताच्या दोन साध्या तपासण्यांवरून आणि वयावरून काढतो. गणित बरं आहे, पण काठावरचा माणूस इकडचा तिकडे जातो. तो ९६ मधला समजून आपण त्याला ६३ मध्ये ढकलतो. आणि ढकललं हे कुणालाच कळत नाही.

उत्साही : मग सगळ्यांनाच वेल्पाटास्विर द्या!

शंकेखोर : द्या की. पण मग गॅसच्या गोळीचं काय?

उत्साही : गॅसची गोळी मध्येच कुठून आली?

शंकेखोर : ती मध्येच येत नाही, सकाळी सगळ्यांत आधी येते. चहाच्याही आधी, रिकाम्या पोटी. आपल्या देशात दर दुसरा माणूस ती डॉक्टरला न विचारता घेतो, आणि तिला तो औषध समजतच नाही. ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ विचारलं की म्हणतो, नाही. वेल्पाटास्विरला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. गॅसच्या गोळीनं तेच आम्ल मारलेलं असतं. औषध रक्तात पोचतं ते कमी. म्हणजे तुमच्या हिशेबातली एक भिंत कागदावर उभी आणि पोटात आडवी. तुमच्या लाख कोटींच्या गणितात ही गोळी कुठे बसवता?

उत्साही : बसवत नाही. पण ती काही रसायनाची चूक नाही.

शंकेखोर : कुणाची चूक ते मी विचारतच नाही. विषाणूही विचारत नाही. त्याला रक्तात किती औषध आहे तेवढंच कळतं. तुमच्याच भागातला एक माणूस सांगतो. फाउंड्रीत काम करणारा, ओडिशाचा. सोफोसबुविर-वेल्पाटास्विर चालू. बाटलीत २८ गोळ्या असतात, तीन बाटल्यांचा कोर्स. ५६ दिवसांनी आला तेव्हा मी म्हटलं, दुसरी बाटली दाखव. संपलेली असायला हवी. टेबलावर उलटी केली तर अकरा गोळ्या घरंगळल्या. मला वाटलं, विसरला. तर नाही. मोठ्या भावालाही तोच आजार, गावाकडे होता. सुट्टीत गेला तेव्हा त्याच्यासाठी तिसऱ्या बाटलीतल्या वीस गोळ्या ठेवून आला आणि तेव्हापासून आपण एक दिवसाआड घेत राहिला. भावाला रिकाम्या हातानं कसं भेटणार, असं म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो. नंतर दिवसभर मला लाज वाटत राहिली. एक दिवसाआड घेणारा हा, आणि वीस गोळ्या खाऊन थांबणारा तो. दोघांच्याही अंगात विषाणू मरण्याइतकं औषध नाही, आणि निवड होण्याइतकं मात्र आहे.

(लिहिणाऱ्यानं या प्रकारात मध्ये बोलू नये असा दंडक आहे. तरी एक कबुली देतो. हा संवाद मांडायला बसलो तेव्हा मी या रसायनवाल्याच्याच बाजूचा होतो. त्या वीस गोळ्यांपाशी आलो आणि तशी खात्री उरली नाही. अर्थात त्याचं उत्तरही अजून व्हायचं आहे.)

उत्साही : त्या भावाला गावात तपासणी आणि गोळ्या मिळाल्या असत्या, तर यानं वाटून दिल्या नसत्या. म्हणजे तुमची गोष्ट औषध कमी पडल्याची आहे, औषध दुबळं असल्याची नाही. आणि औषध कमी पडायचं कारण नाही, डॉक्टर, निदान आपल्या देशात. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर आलं तेव्हा एक गोळी हजार डॉलरला होती, बारा आठवड्यांचे ८४,००० डॉलर. २०१५च्या मार्चमध्ये हैदराबादच्या नॅटकोनं आपल्याकडे आणलं तेव्हा २८ गोळ्यांच्या बाटलीवर छापलेली किंमत होती १९,९०० रुपये. म्हणजे गोळीमागे सातशे दहा. पुढे ती आणखी किती उतरली ते तुम्ही पाहिलंय. २०१६ मध्ये पंजाबनं जिल्हा रुग्णालयांतून ती फुकट द्यायला सुरुवात केली. ज्याला तिथले लोक ‘काला पीलिया’ म्हणतात त्या आजाराचे हजारो रुग्ण आपापल्या जिल्ह्यातच बरे झाले, आणि उपचार पुरा करून तपासणीला आलेल्यांत गुण नव्वदच्या वर. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तपासणी आणि औषध दोन्ही फुकट. इजिप्तनं चाळीस लाखांच्या आसपास लोकांवर उपचार केले, तेही मुख्यतः सोफोसबुविर-डाक्लाटास्विरवर, प्रत्येकाच्या विषाणूचा मजकूर वाचत न बसता. तुम्ही ज्या एका माणसाच्या अकरा गोळ्या मोजल्यात, त्याच्यामागे असे लाखो उभे आहेत.

शंकेखोर : ‘तपासणीला आलेल्यांत’ हे शब्द तुम्ही वापरलेत, मी नाही. न आलेल्यांचं काय? गुण आला की नाही हे गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्त तपासून ठरतं. म्हणजे पहिल्या गोळीपासून चोवीस आठवडे तो माणूस आपल्याला सापडायला हवा. गुम्मिडिपूंडीचा कंत्राटी कामगार सहा महिने एका पत्त्यावर असतो का? चेन्नईच्या मूर मार्केट स्टेशनाहून तुमची लोकल दीड तास घेते. रुग्णालयात यायचं म्हणजे एक खाडा, एका दिवसाची मजुरी. बरं वाटत असताना कोण खाडा करील? या आजाराची खोड अशी की आधीही काही दुखत नसतं आणि नंतरही नाही. तुमच्या पंच्याण्णवात न सापडलेले मोजलेलेच नसतात.

उत्साही : थांबा. तुमच्याच चेन्नईतल्या लोकांनी याचं उत्तर शोधलंय. वाय. आर. गायतोंडे केंद्र, म्हणजे वायआरजी केअर. सुनीती सोलोमन या इथल्या मराठी कुटुंबातल्या, माहेरच्या गायतोंडे. १९८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात असताना देशातले एचआयव्हीचे पहिले नमुने त्यांच्या देखरेखीखाली सापडले, आणि १९९३ मध्ये त्यांनी हे केंद्र वडिलांच्या नावानं काढलं. त्याच केंद्रानं पूर्वी नशेची इंजेक्शनं घेणाऱ्या पन्नास लोकांना, ज्यांच्याबद्दल ‘हे काय औषध घेणार’ असं सगळे म्हणायचे, देखरेखीखाली उपचार देऊन दाखवले.

शंकेखोर : दाखवले, आणि त्याचे आकडे पुरते सांगा. पंचवीस जणांना सोफोसबुविर, इंटरफेरॉन आणि रिबाविरिन, १२ आठवडे: २२ बरे झाले. दुसऱ्या पंचवीस जणांना इंटरफेरॉनशिवाय, २४ आठवडे: १५ बरे झाले. ८८ विरुद्ध ६०. देखरेख दोघांवरही होती.

उत्साही : तो आकडा माझ्याच बाजूनं बोलतो! दुसऱ्या गटात सोफोसबुविरचा जोडीदार नुसता रिबाविरिन, विषाणूवर थेट घाव न घालणारा, आणि मुदत दुप्पट. काहींनी मध्येच सोडलं. जोडीदार तगडा असता आणि मुदत बारा आठवड्यांची असती तर? तेच पुढे झालं. सुनीतीबाईंच्या मुलानं, सुनील सोलोमन यांनी, पुढे पाच देशांत चाचणी केली: ब्राझील, दक्षिण आफ्रिका, थायलंड, युगांडा, अमेरिका. जनुकप्रकार तपासायचा नाही, मध्ये बोलवायचं नाही, रक्त काढायचं नाही. सोफोसबुविर-वेल्पाटास्विरच्या ८४ च्या ८४ गोळ्या पहिल्या दिवशी हातात. ३९९ जणांनी सुरू केलं, ३७९ बरे झाले. ९५ टक्के. देखरेखीचा पहारा काढून घेतला आणि उतारा पडायचा तेवढाच पडला.

शंकेखोर : पहारा नव्हता, पण विचारपूस होती. चौथ्या आठवड्याला एकदा संपर्क, आणि बाविसाव्या आठवड्याला पुन्हा, शेवटच्या तपासणीला यायची आठवण करायला. एवढ्यावर ९५ टक्के येतात हे मी मानतो, आणि तुमच्यापेक्षा जास्त आनंदानं मानतो. पण ‘कुणीच काही करायचं नाही’ असा त्याचा अर्थ लावू नका. चेन्नईला हे जुनं ठाऊक आहे. १९५६ मध्ये चेटपटला क्षयावरचं केंद्र निघालं. १९३ रुग्ण, निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपल्या दाटीवाटीच्या घरांत. दोघांनाही तीच दोन औषधं, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष आला: घरी राहिलेल्यांना जवळजवळ तेवढाच गुण. जगानं सॅनेटोरियमं बंद केली. पण त्या घरच्या रुग्णांच्या दारात केंद्राची माणसं जायची, गोळ्या मोजायची, लघवी तपासून औषध घेतलं की नाही पाहायची. जगानं पहिला अर्धा भाग उचलला, ‘घरी पाठवा’. दुसरा अर्धा अनेक ठिकाणी विसरला. पुढे क्षयाचं काय झालं ते तुम्ही सुरुवातीलाच कबूल करून बसलात.

उत्साही : क्षयाची मुदत लांब, औषधं त्रासाची. इथं बारा आठवडे आणि त्रास जवळजवळ नाही. तुलना ओढून आणलेली आहे.

शंकेखोर : थोडी आहे. पण दुसरी एक गोष्ट ओढून आणलेली नाही. जनुकप्रकार ३चा ‘ब’ नावाचा उपप्रकार आहे. चीनच्या नैर्ऋत्य भागात पुष्कळ, आपल्या ईशान्येकडच्या राज्यांतही आढळतो. त्याच्या एनएस५एत औषधाला चुकवणारे दोन बदल जन्मजातच असतात, ३०व्या आणि ३१व्या जागी. त्याला निवड व्हावी लागत नाही, गोळी चुकावी लागत नाही. आशियात झालेल्या चाचणीत सोफोसबुविर-वेल्पाटास्विर देऊनही सिरॉसिस असलेल्या ३-ब रुग्णांपैकी निम्मेच बरे झाले. आणि आता माणसं हिंडतात. कोलकात्याहून चेन्नईला येणाऱ्या गाड्या तुमच्या गुम्मिडिपूंडीवरूनच जातात.

उत्साही : हे मात्र जपून बोला, डॉक्टर. परगावचा मजूर म्हणजे रोगाची पिशवी, अशी भाषा कोविडमध्ये आपण ऐकली आहे. विषाणू गाडीतून उतरत नाही, तो न उकळलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, डायलिसिसच्या यंत्राशेजारच्या निष्काळजी हातमोज्यातून पसरतो. त्यातलं काहीही मजूर सोबत आणत नाही. ते आपण त्याला इथं पुरवतो.

शंकेखोर : बरोबर आहे. शब्द मागे घेतो, मुद्दा नाही. किंबहुना तुम्ही तो धारदार केलात. डायलिसिसच्या खोलीत दोन रुग्णांमध्ये जे जातं ते आधीच निवड झालेलं असलं तर? नव्या रुग्णानं एकही गोळी घेतलेली नसते आणि त्याचा विषाणू मात्र औषध पाहून आलेला असतो. एकदा बरं झालं म्हणून पुन्हा न होण्याची शाश्वती नाही, लसही नाही. म्हणून म्हणतो, सिरॉसिस असलेल्या जनुकप्रकार ३च्या रुग्णाला औषध द्यायच्या आधी त्याच्या विषाणूचा मजकूर वाचा. निदान त्याचा तरी.

उत्साही : आणि तो वाचून होईपर्यंत त्याला कुठे बसवून ठेवता? नमुना एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणार, आठवडे लागणार, आणि तुम्हीच म्हणालात की तो दुसऱ्यांदा खाडा करणार नाही. भारतात या आजाराचे ५५ लाख लोक आहेत असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४चा अहवाल सांगतो. जगात पाच कोटी. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काही झालंय हेच माहीत नाही. मजकूर वाचायला जो रुपया घालाल तो त्यांना शोधण्यातून काढावा लागेल. दारात आलेल्या माणसाला त्याच दिवशी ८४ गोळ्या देणं, आणि त्याच्या भावालाही शोधून ८४ देणं, हाच प्रतिकार रोखायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. ज्याच्या अंगात विषाणूच नाही, त्याच्या अंगात चिवट विषाणू कुठून येणार?

शंकेखोर : पहिल्यांदा उपचार घेणाऱ्या, सिरॉसिस नसलेल्या माणसाबद्दल मी हरलो. त्याचा मजकूर वाचायला नको. पण ज्यांचा उपचार फसला त्यांचा? आज त्यांना मोठ्या केंद्राकडे पाठवतात. तिथं त्यांना दुसरं काही मिळेलही, पण ते का फसले हे लिहून ठेवल्याशिवाय आपल्याला कळणार कसं, की चूक गॅसच्या गोळीची, भावाची, की ९३व्या जागेची? तिघांवरचा इलाज वेगळा आहे. गोळी चुकलेल्याला तेच औषध नीट देऊन भागेल. ज्याचा विषाणू बदलला त्याला तिसरं औषध लागेल. तेच पुन्हा दिलंत तर आणखी पक्का कराल. फसलेल्या प्रत्येकाचं थोडं रक्त साठवा आणि वाचा. पाच टक्क्यांचंच.

उत्साही : फसलेल्यांचं वाचा, मी आड येत नाही. पण मी एक अट घालतो. वाचून होईपर्यंत पुढचं औषध अडवून धरायचं नाही. आणि तिहेरी गोळी ‘राखीव’ म्हणून कपाटात कुलूपबंद करायची नाही. राखीव ठेवलेलं औषध गरिबाला मिळत नाही, हे क्षयात पाहिलंय.

शंकेखोर : आणि सरसकट मोकळं सोडलेलं औषध लवकर बोथट होतं, हेही क्षयातच पाहिलंय. इथं आपलं जुळणार नाही.

उत्साही : नाही जुळणार. तिसऱ्या औषधाचा जिम्मा कुणाकडे द्यायचा यावर मी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, तुम्ही माझ्यावर नाही.

शंकेखोर : तुमच्या कारखान्यात पुढच्या महिन्यात तपासणी शिबिर आहे म्हणालात. ज्यांना गोळ्या मिळतील त्यांच्या हाती द्यायला एक चिठ्ठी करू या. तमिळ, हिंदी, ओडिया, बंगाली. निदान तिच्यावर तरी एकमत होऊ दे.

उत्साही : सांगा, लिहितो.

शंकेखोर : रोज एक गोळी, एकही चुकवू नका. गॅसची गोळी घेत असाल तर आधी आम्हाला सांगा, विचारल्याशिवाय घेऊ नका. घरात आणखी कुणाला हा आजार असेल तर आपल्या गोळ्या वाटून देऊ नका, त्याला सरकारी दवाखान्यात पाठवा. तिथं त्याच्या वेगळ्या मिळतात, फुकट.

उत्साही : आणि?

शंकेखोर : आणि गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी, तेव्हा ज्या गावात असाल तिथल्या सरकारी केंद्रात ही चिठ्ठी दाखवून रक्त तपासून घ्या.